दोन बेल आणि सरूताईंचा महाल

आमच्या डेपोत लेडीज कंडक्टरांची कपडे बदलायची एक खोली आहे. तिच्यात शिरायचं तर चपला बाहेर काढाव्या लागतात, पाय पुसावे लागतात, आणि ड्यूटीवर निघण्याआधी आरशासमोर एक मिनिट गुमान उभं राहावं लागतं. मिनिट सरूताई मोजतात, घड्याळ बघून. मी एकदा चाळीस सेकंदांत सटकायला बघितलं, तर त्यांनी खाकी शर्टाची कॉलर धरून मला मागं ओढलं आणि म्हणाल्या, "वंदे, अजून तुला तू दिसली न्हायस. थांब."

वंदे म्हणजे मी. वंदना. अकरा वर्षं झाली कंडक्टरकी करायला. तोंडानं फटकळ आहे, पण तिकीट चोख. डेपोचं नाव सांगत नाही. आमच्या साहेबांना वाचायची आवड नाही, पण त्यांच्या बायकोला असली तर काय घ्या. धाराशिव जिल्ह्यातला एक डेपो म्हणा आणि पुढं चला.

सरूताई आम्हा सात जणींत सगळ्यात जुन्या. बुटक्या, गोल, आणि अंबाड्याला इतक्या पिना की एखादी गाडी बंद पडली तर मेकॅनिकनं त्यांच्याकडंच यावं. राहायला तेरला. पहिल्या गाडीनं साडीत यायच्या, खोलीत जाऊन खाकी चढवायच्या आणि बाहेर आल्या की चालच बदलायची. भरलेल्या गाडीत पुढच्या दारापासून मागच्या सीटपर्यंत अशा जायच्या की कुणाच्या पायावर पाय नाही आणि कुणाचं तिकीट राहिलं नाही. एक वाक्य त्यांच्या तोंडात कायम. चहा कपाऐवजी कागदी ग्लासात आला, तरी तेच. विभागाच्या मीटिंगला बायकांना मागच्या बाकावर बसवलं, तरी तेच. "का? आपुन काय कमी हाव का?"

आता परक्या माणसाला वाटेल, कपडे बदलायच्या खोलीचं एवढं काय कौतुक. तर ऐका. आमच्यातल्या बहुतेक जणी घरून साडीत निघतात आणि डेपोत येऊन खाकी घालतात. कुणाच्या सासूला पँट चालत नाही, कुणाच्या गल्लीला चालत नाही. माझ्या घरी सगळं चालतं, पण खाकीत भाजी घ्यायला गेलं की भाजीवाला माझ्याकडंच सुट्टे मागतो. म्हणून मीही इथंच बदलते. आणि ही खोली व्हायच्या आधी आम्ही कुठं बदलायचो? उभ्या गाडीत, शेवटच्या सीटमागं वाकून. एकीनं खिडकीला ओढणी धरायची, दुसरीनं घाई करायची. नाहीतर संडासात, साडीचा बोंगा दातांत धरून. खाली पाणी, वर झुरळ. तिथून बाहेर पडून 'चला पुढं सरका' म्हणायला तोंड उघडायचं नाही.

तेव्हाच्या साहेबांच्या मागं लागून सरूताईंनी एक नंबर फलाटाला लागून असलेली जुनी पार्सल खोली मागून घेतली. चावी देताना साहेब म्हणाले, घ्या, पण दुरुस्तीसाठी काही मागू नका. सरूताई म्हणाल्या, नाही मागत. आत उंदरांचा वास होता आणि कुणाच्या तरी आंब्याच्या पेटीतलं गवत वर्षानुवर्षं पडून होतं. आमची अपेक्षा काय, चार खिळे आणि एक बल्ब. पण सरूताईंच्या डोक्यात निराळंच होतं.

त्या एकदा लग्नासाठी भाड्यानं ठरवलेली कराराची गाडी घेऊन हैदराबादला गेल्या होत्या. वऱ्हाड जेवत होतं तेवढ्यात जाऊन एक महाल बघून आल्या. तिथल्या माणसानं त्यांना सांगितलं म्हणे, ही बेगमांची नुसती कपडे बदलायची खोली. परत आल्यावर महिनाभर आम्हाला दुसरं काही ऐकायला मिळालं नाही. "आपल्या अर्ध्या डेपोयेवढी खोली, वंदे. नुसती कापडं बदलायला. आन् त्यांचं राज्य आपल्या हितवर व्हतं म्हणत्यात. मग त्या खोलीत येवढासा वाटा आपला बी असंलच की."

तो वाटा त्यांनी वसूल करायला घेतला. साप्ताहिक सुट्टीला स्वतः चुना मारला. मग एका स्लीपर नसलेल्या पण पुशबॅक असलेल्या गाडीची दोन सीटं, गाडी मोडीत निघाल्यावर, रीतसर अर्ज करून मागून घेतली. तोच आमचा सोफा. सात आणि आठ नंबर. वर 'महिलांसाठी राखीव' तसंच राहू दिलं. दांडी ओढली की सीट मागं जातं. आमच्यातली एक जण आठ नंबरवर पहिल्यांदा टेकली तेव्हा सरळ आडवीच झाली आणि म्हणाली, ताई, मला इथंच रिटायर करा. हेडलाइटची जुनी वाटी उलटी करून तिच्यात दिवा सोडला, तो झुंबर. पाय पुसायला गोणपाट नाही, गालिचा. म्हणजे गोणपाटच, पण कडेनं लाल गोंडे लावलेला. उरुसातून खस अत्तराची कुपी आणली आणि कापसाचा बोळा वाटीत ठेवला. बाहेर डिझेलचा भपकारा आणि आत खस. नवीन पोरगी प्रतीक्षा पहिल्या दिवशी आत आली, तर वास घेऊन परत बाहेर गेली. तिला वाटलं, कुणा साहेबांच्या बंगल्यात शिरलो.

पडदे नळदुर्गचे. तिथं हायवेला ट्रकांच्या केबिनी सजवणारा एक कारागीर आहे. सरूताईंनी त्याच्याकडून गर्द लाल मखमलीचे पडदे शिवून घेतले, सोनेरी झालर, खाली गोंडे. त्यानं सवयीनं मधोमध लिंबू-मिरची टांगायला हूकही शिवला. त्याचाच पेंटर भाऊ दाराला रंग द्यायला आला. त्याला सांगितलं होतं नुसता रंग मार. पण ट्रकाचं मागलं फळकूट रंगवून रंगवून हाताला वळण पडलेलं, त्यानं दाराच्या आतल्या बाजूला मोर काढला आणि खाली लिहिलं, 'सावकाश जा, घरी वाट बघतात'. आम्ही पोट धरून हसलो. पुसून टाकू म्हणालो. सरूताईंनी पुसू दिलं नाही. म्हणाल्या, असू दे, बरं दिसतंय.

आणि आरसा. आधी मोडीतल्या गाडीचा बाहेरचा फुगीर आरसा लावला होता. त्यात बघितलं की नाक नळदुर्गला आणि कान सोलापूरला. सहा महिने आम्ही त्यात बघून कुंकू लावलं आणि बाहेर गेल्यावर ते भलत्याच जागी निघायचं. सरूताईंना पायापर्यंत दिसणारा आरसा पाहिजे होता. नळदुर्गच्या एका साडीच्या दुकानात नवं फर्निचर होणार होतं, त्याचा जुना आरसा त्यांनी मिळवला आणि स्वतःच्याच फेरीला गाडीत घातला. मधल्या वाटेत, गोधडीवर उभा, आणि हा आरसा सांभाळत त्या तिकिटं फाडतायत. त्या दिवशी त्या गाडीतून भांग नीट केल्याशिवाय एकही माणूस उतरला नाही. एका आजोबांनी तर फेटा सोडून पुन्हा बांधला आणि त्यासाठी एक थांबा पुढं गेले. सरूताईंनी स्वतःच्या नावानं आरशाचं लगेज तिकीट फाडलं. ते अजून चौकटीत खोचलेलं आहे. कुणी बोट दाखवू नये म्हणून.

त्या आरशात मी पहिल्यांदा स्वतःला खाकीत पूर्ण बघितलं. नोकरीला लागून तेव्हा आठ वर्षं झाली होती. खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला. शर्ट, पट्टा, खांद्याला तिकिटाचं मशिन, छातीला बिल्ला. ही बाई रोज चाळीस-पन्नास माणसांना जागेवर बसवते आणि सुखरूप उतरवते, हे मला माहीत होतं. दिसलं नव्हतं. सरूताई मागून घड्याळ बघत म्हणाल्या, "बघ. आपुन काय कमी हाव का?"

भिंतीला सात जणींना सात हँगर. प्रत्येकीच्या हँगरवर गाडीला असते तशी पत्र्याची छोटी पाटी, पिवळ्यावर काळी अक्षरं. 'वंदना – नळदुर्ग'. 'प्रतीक्षा – कळंब'. ज्या मार्गावर जी जास्त, तो तिच्या नावापुढं. मी मोजलं नव्हतं, पण पाट्या होत्या सहाच. सातव्या हँगरला नुसता खराटा अडकवलेला असायचा आणि सरूताईंची साडी दारामागच्या खिळ्याला. मला वाटायचं, म्हातारीला दाराजवळ बरं पडत असेल. यापुढं माझं डोकं कधी गेलं नाही.

आता घंटी. साऱ्या रामायणाचं मूळ ती.

खोलीच्या दाराची कडी आतून नीट बसत नव्हती. आत कुणी अर्धवट कपड्यात आणि बाहेरून कुणी ढकललं की बोंबाबोंब. सुताराला बोलावलं, तो आलाच नाही. तेव्हा सरूताईंनी मोडीतल्या गाडीची घंटी दोरीसकट आणून दारावर बसवली. दोरीचं एक टोक बाहेर, एक आत. नियम आमचाच, गाडीतला. सिंगल बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. बाहेर असलेलीनं एक बेल द्यायची: आत यायचंय. आतलीचं आवरलं की तिनं दोन द्यायच्या: ये. कुणी ओरडायचं नाही. महालात ओरडत नसतात.

व्यवस्था झकास चालली. हिवाळाभर. कारण हिवाळ्यात खिडकी बंद होती.

मार्च लागला, ऊन तापलं, आम्ही फलाटाकडची खिडकी उघडली. त्या दिवशी खिडकीखाली माझीच नळदुर्गची गाडी लागली होती. माणसं बसलेली, इंजिन चालू, स्टिअरिंगवर शिंदेमामा. शिंदेमामा म्हणजे अठ्ठावीस वर्षं दोन बेलला गाडी हलवलेला माणूस. मागं वळून बघायची त्यांना सवय नाही. मागं कंडक्टरनं बघायचं, पुढं मी बघतो, असं त्यांचं स्वच्छ म्हणणं. मी पाटी लावून, गाडीला एक फेरी मारून, शर्टाचं बटण तुटलं म्हणून पळत खोलीत आले. तोंडात सेफ्टी पिन, आरशासमोर उभी. सात नंबरवर सरूताई, हातात घड्याळ. बाहेरून प्रतीक्षानं एक बेल दिली.

मी पिन लावता लावता डाव्या हातानं दोरी ओढली. टण टण.

आरशात माझ्यामागची खिडकी दिसत होती. खिडकीतून माझी गाडी जाताना दिसत होती. मागच्या काचेला 'नळदुर्ग' पाटी. पाच मिनिटांपूर्वी मीच लावलेली. मला आधी वाटलं, किती छान गेली गाडी. मग डोक्यात उजेड पडला.

गेटपर्यंत पळाले, एका पायात बूट, एक पाय अनवाणी. हात हलवतेय, ओरडतेय, आणि आरशात मागं बघायचं सोडून शिंदेमामा आपले सरळ पुढं. शेवटी एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवर, दोन कॅनांच्या मध्ये बसून, गाडी गाठली पुढच्या फाट्यावर. ती तिथं थांबली होती, तीही मामांना कळलं म्हणून नाही. एक आजी हातात तिकिटाचे पैसे धरून पुढं केबिनपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, बाबा, मघापासून कुणी तिकीट मागंना, मला मेलं चुकल्यावानी व्हायलंय. मामांनी तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मागं बघितलं म्हणे.

मी दुधाच्या कॅनांतून उतरतेय, हे कुणीतरी मोबाइलवर काढलं. संध्याकाळपर्यंत ते माझ्या माहेरी पोचलं आणि दुसऱ्या दिवशी साहेबांच्या साहेबांकडं. मग व्हायचं ते झालं. आमचे साहेब तसे वाईट नाहीत, पण वरून फोन आला की त्यांचा आवाज बदलतो. त्यांनी सगळ्यांचे जबाब घेतले आणि सांगून टाकलं: सोमवारपासून त्या खोलीत टायर ठेवायचे. बायकांनी विश्रांतिगृहाचा एक कोपरा पडदा लावून वापरावा. शनिवारी मी जागा बघायला येतो, चावी तयार ठेवा.

त्या जबाबाबद्दल सांगते. माझ्या हातून लिहिलं गेलं, 'खोलीतील घंटी वाजली व चालकाचा गैरसमज झाला.' कुणी वाजवली, ते मी लिहिलं नाही. घाबरले होते. प्रमोशनची यादी लागायची होती. आणि वर सरूताईंवर राग. मनात म्हणत होते, कुणी सांगितलं होतं महाल करायला? खिळा ठोकला असता तर भागलं असतं की. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्या मात्र रोज घड्याळ घेऊन मिनिट मोजत होत्या. खोली चार दिवसांची सोबती, तरी गोंडे विंचरत होत्या.

शुक्रवारी सरूताई आल्या नाहीत. ताप. मी अकरा वर्षांत त्यांना आजारी बघितलं नव्हतं. आणि चावी त्यांच्या कमरेला. शनिवारी साहेब येणार. मग दुपारी ड्यूटी संपल्यावर मीच तेरची गाडी धरली.

गाडीत बसल्यावर मला खरं सांगायचं तर उत्सुकताच जास्त होती. जी बाई पार्सल खोलीत झुंबर लावते, तिचं घर कसं असेल? मी मनात मखमलीचे पडदे लावून बसले होते. विचारत विचारत गेले, दार उघडंच होतं.

दोन खोल्या. एक खाट, एक गॅस, एक पाण्याची घागर. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याशेजारी एका म्हातारीचा फोटो, कपाळ आठ्यांनी भरलेलं. ह्या त्यांच्या सासूबाई. खिडकीला पडदा नाही. देवळीत तळहाताएवढा आरसा, तोही तडकलेला. दारामागं एक खिळा, त्याला साडी. बस. सरूताई खाटेवर गोधडी ओढून पडल्या होत्या. मला बघून उठायला लागल्या, मी उठू दिलं नाही.

चहा मीच केला. कप दोनच होते, त्यातला एक फडताळात मागं, धूळ बसलेला. धुऊन घेतला. मग माझ्या फटकळ तोंडानं मी विचारलंच, की ताई, घराला काय केलंय हे? तिथं झुंबर आणि इथं एक पडदा नाही?

"हितं कोन बघनार हाय?" त्या म्हणाल्या. अगदी साधं, भाजी संपली म्हणावं तसं.

मग हळूहळू बोलल्या. मालक गेल्यावर नोकरी लागली, लेकरू नाही. घरात त्या आणि सासूबाई. सासूबाईंचं एकच म्हणणं, कंडक्टर हो नाहीतर कलेक्टर हो, खाकी घालून माझा उंबरा ओलांडायचा नाही. रोज दारात बसून बघायच्या, सून साडीत आली का नाही. वीस वर्षं. म्हणून संडासात का होईना, सरूताई साडी बदलून यायच्या. एकदा तिथं पाण्यात साडी पडली, ओलीच नेसून आल्या, तर सासूबाईंनी बोल बोल बोललं आणि मग स्वतःच चुलीपुढं धरून वाळवली. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या.

"मग आता कशाला बदलून येता?" मी म्हणाले. "आता कोण आहे अडवायला?"

सरूताईंनी फोटोकडं बघितलं. "एकडाव आले व्हते तशीच खाकीत. त्या गेल्यावर. म्हणलं, आता आपलंच राज्य. दार उघडलं, आत आले, उभी ऱ्हायले. कुणी काय बोललंच न्हाय गं." त्यांनी गोधडी पायावर ओढली. "लई वंगाळ वाटलं. तवापास्नं साडी नेसूनच येते. साडीत आलं की वाटतंय, आत कुनीतरी हाय."

मी कप धुतला, परत धुतला. त्यांनी कमरेची चावी काढून माझ्या हातात ठेवली आणि आरसा ओल्या पेपरनं पुसायचा, फडक्यानं नाही, फडक्याचे धागे राहतात, असं बजावलं. साहेब असोत नाहीतर मंत्री, पायातलं बाहेर. आणि मिनिट मोजायचं.

निघताना मी उंबऱ्यात थांबले. म्हणाले, ताई, तुम्ही तिथंच होतात. घंटी मी वाजवली ते तुम्ही बघितलं. साहेबांना का नाही सांगितलं?

"पोरगी बाहीर उन्हात उभी व्हती. तू तिला ये म्हणलीस," सरूताई म्हणाल्या. "त्यात काय गुन्हा झाला?"

परतीच्या गाडीत माझ्याच डेपोचा कंडक्टर होता. काय झालं म्हणून विचारत होता. मी खिडकीकडं तोंड करून बसले.

शनिवारी साहेब आले. दारात मी. म्हणाले, चला उघडा. मी म्हणाले, साहेब, बूट. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग काढले. उजव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. ते लपवायला अंगठा मुडपून, लंगडत आत आले. डेपोतला पहिला पुरुष त्या गालिच्यावर. बाकी पाच जणी भिंतीला लागून उभ्या. साहेबांनी झुंबर बघितलं, पडदे बघितले, वास घेतला. आरशासमोर आले आणि नकळत थांबले. मी घड्याळ बघायला लागले. साहेबांनी पोट आत घेतलं, शर्ट खोचला, केस सारखे केले. पूर्ण मिनिट गेलं. मग पाट्या वाचत गेले, एक एक, मोठ्यानं. शेवटच्या हँगरशी थांबले, खराटा बघितला.

"आणि त्यांची पाटी कुठंय?" म्हणाले. "ज्यांनी हे केलं त्यांची?"

आम्ही सहा जणी एकमेकींकडं बघायला लागलो. चार वर्षं रोज साडी अडकवत होतो. एकीच्याही लक्षात आलं नव्हतं. लाज वाटली मला, खरंच लाज वाटली.

तेव्हा मी बोलले. म्हणाले, "साहेब, घंटी मी वाजवली. माझ्या हातानं. जबाबात ते लिहिलं नाही, ती माझी चूक. मला काय करायचं ते करा, पण ही खोली घेऊ नका. तुमचे टायर कुठंही राहतील. आम्ही कुठं राहायचं?" एवढंच बोलले.

साहेबांनी दारामागचा मोर बघितला. खालचं वाक्यही वाचलं. मग बाहेर जाऊन बूट घालता घालता म्हणाले, घंटी आजच्या आज काढा. कडी मी बसवून देतो. टायरचं बघू. आणि मला म्हणाले, तुम्हाला मात्र मेमो द्यावा लागेल. मी म्हणाले, द्या. तो मेमो आला. प्रमोशनची यादी माझ्या नावाशिवाय लागली. मेमो मी लॅमिनेशन करून घेतलाय. दुसऱ्या कुठल्या कागदाचा मला एवढा अभिमान नाही.

रविवारी मी नळदुर्गच्या फेरीला त्या पेंटरला गाठलं. सोमवारी सरूताई तापातून उठून आल्या. खोली जागेवर बघितली, आरशाच्या कोपऱ्यातला एक धागा काढला आणि माझ्याकडं बघितलं. मग सातवा हँगर दिसला. खराटा नव्हता. पाटी होती, पिवळ्यावर काळी. 'सरूताई – तेर', आणि खाली बारीक, 'मार्गे महाल'. त्या जवळ गेल्या, अक्षरांवरून बोट फिरवलं. आम्हाला वाटलं आता रडतात. पण त्या म्हणाल्या, पेंटरनं 'महाल'वर गोंडा काढला न्हाय. आणि दारामागची साडी काढून तिथं अडकवली. दोनदा सारखी केली.

घंटी गेली, कडी बसली. बाकी सगळं तसंच आहे. आणखी एक गोष्ट तशीच आहे, जी मी चार वर्षं बघत होते आणि कळत नव्हती. सरूताईंची ड्यूटी लवकर संपली तरी त्या खोलीतून सगळ्यांत शेवटी निघतात. आम्ही चेष्टा करायचो, राणीसरकारांना महाल सोडवत नाही. मी तर सगळ्यांत घाईची. आले, बदललं, पिशवी उचलली, पळाले. तीन मिनिटं.

आता मला साडी नेसायला अर्धा तास लागतो. निऱ्या नीट पडतच नाहीत. घालते, सोडते, पुन्हा घालते. सरूताई सात नंबरवर रेलून बसतात आणि म्हणतात, "काय गं वंदे, म्हातारी झालीस का? निऱ्या बी येईनात तुला." मी म्हणते, येईनात ना, बघा की जरा. मग त्या उठतात, माझ्यासमोर गुडघ्यावर बसतात आणि एक एक निरी मोजून चापून बसवतात. तेरची पुढची गाडी लागेपर्यंत.